उजनीचं पाणी, कडबनवाडीचा माळ आणि पाहुण्यांचं वेळापत्रक

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास माझ्या भाच्याचा लीड्सहून फोन आला. "मामा, यंदा दिवाळीला येतोय. ऑफिसातले दोघं मित्रही बरोबर आहेत. त्यांना उष्ण कटिबंधातल्या देशात पक्षी पाहायचेत. दोन दिवस तुमच्याकडे राहू, रोहित दाखवा. बाकीचं केरळात बघतील." दोन्ही मित्र चाळीस वर्षं पक्षी पाहत होते, पण युरोपबाहेर पहिल्यांदाच निघाले होते. मी म्हटलं, "या. रोहित कुठे जातात?"

हे वाक्य मला महागात पडलं. हा लेख त्याच वाक्याच्या चौकशीतून झाला आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. गाव शेळगाव, तालुका इंदापूर. शिक्षण बारावी, धंदा शेती आणि दूध. प्राणिशास्त्र मी कुठे शिकलो नाही. सलीम अलींचं पुस्तक, मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' आणि एक जुनी दुर्बीण एवढ्यावर 1994 पासून नोंदी ठेवतो. बावीस वह्या झाल्या. आमच्या गावाची गंमत अशी, की दक्षिणेला नीरा, मधून नीरा डावा कालवा आणि उत्तरेला माळ. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला कुसळ. माळानं उत्तरेला गेलं की कडबनवाडी लागते, आणखी पुढे भीमा, म्हणजे आता उजनीचा फुगवटा. तासाभराच्या मोटारसायकलवर तीन वेगळ्या दुनिया आहेत. यात कौतुक माझं नाही, भूगोलाचं आहे.

भाच्याला तारखा देताना मी वह्या काढल्या. नोव्हेंबरच्या पानांवर 'रोहित आले' अशी नोंद बऱ्याच वर्षांत होती. ई-बर्ड या संकेतस्थळावर जगभरचे लोक नोंदी टाकतात. तिथे प्रत्येक ठिकाणी कोणता पक्षी कोणत्या महिन्यात दिसतो याच्या उभ्या पट्ट्या दिसतात. त्याही पाहिल्या. शिवाय महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सलीम अलींच्या. भाऊबीज 3 तारखेला होती. सगळं जमून आलं असं वाटलं. 6 नोव्हेंबर 2024 ला पहाटे आम्ही कुंभारगावच्या काठावर होडीत बसलो.

समोर पाणीच पाणी. बाभळींच्या कमरेपर्यंत पाणी. एक ऑस्प्रे मासा घेऊन गेला, नदीसुरय होते, पाणकावळे होते, मुग्धबलाक होते, लांब चक्रवाकांच्या दोन जोड्या होत्या. रोहित एकही नाही. नावाड्यानं तीन तास होडी फिरवली. शेवटी तोच म्हणाला, "धरान फुल हाय, सायेब. पाय कुठं टेकवायचं त्यांनी?"

पाहुणे सभ्य होते. खंड्याचे तीन प्रकार पाहिले म्हणून खूश असल्याचं त्यांनी तीन वेळा सांगितलं. परतताना त्यांच्यातल्या थोरल्यानं विचारलं, "इथे नाहीत, तर मग आत्ता कुठे आहेत?" मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं नोंदी ठेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी पडला नव्हता, याची लाज मला रोहित न दिसल्यापेक्षा जास्त वाटली.

घरी येऊन वह्या पुन्हा उघडल्या. या वेळी पक्ष्यांच्या तारखांशेजारी धरणाची टक्केवारी लिहीत गेलो. वर्तमानपत्रात ती पावसाळ्यात रोज येते, एरवीही अधूनमधून येते. दोन रात्रींत जे दिसलं ते नावाड्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. नोव्हेंबरात रोहित आले अशी नोंद होती ती बहुतेक अपुऱ्या पावसाची वर्षं. भरल्या वर्षी ते डिसेंबर ओलांडून, कधी जानेवारी ओलांडून आले. माझी सरासरी खोटी नव्हती. फक्त कोणतंच खरं वर्ष त्या सरासरीसारखं नव्हतं. ई-बर्डच्या पट्ट्यांचंही तेच आहे. त्या अनेक वर्षांची बेरीज दाखवतात, यंदाचं पाणी दाखवत नाहीत.

आता ही टक्केवारी काय चीज आहे ते सांगायला हवं, कारण आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला 'उणे पन्नास टक्के' हा प्रकार चक्रावून टाकतो. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याची क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट. पण त्यातलं सुमारे 63 टीएमसी पाणी मृतसाठा. दरवाजे आणि कालवे यांच्या तळाच्या खाली असलेलं, साध्या मार्गानं बाहेर न निघणारं. उरतो सुमारे 54 टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती या उपयुक्त साठ्याची. म्हणजे शून्य टक्के म्हणतात तेव्हाही धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. त्याखाली गेलं की उणे. 2023 साली धरण पुरतं भरलंच नाही आणि 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलं. आमची नोव्हेंबरची सहल या दुसऱ्या टोकावर पडली.

पाण्याची पातळी आणि पक्षी यांचा संबंध कवितेचा नाही, पायांच्या लांबीचा आहे. रोहित चोच उलटी करून, मान खाली घालून गाळ चाळतो. जिभेच्या पंपानं पाणी आत ओढायचं आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर सोडायचं. शेवाळ, किड्यांच्या अळ्या, बारीक जीव आत राहतात. यासाठी त्याला उभं राहता येईल असं उथळ पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. दहा फूट पाण्यात तो पोहू शकतो, पण खाणार काय? त्याहून उथळ पाण्यात शेकाट्या, त्याहून उथळात तुतवार, आणि नुसत्या ओल्या चिखलात छोट्या चोचीचे चिखले. थापट्यासारखी बदकं पाण्याच्या वरच्या थरातलं चाळतात, त्यांना काठाजवळचं निवांत पाणी पुरतं. बुडी मारणाऱ्या बदकांना मात्र खोली चालते. म्हणून भरल्या धरणात बदकं दिसतील, पण रोहित नाहीत. वारकरी दिसतील. वारकरी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी, काही ठिकाणी त्याला चांदवा म्हणतात. आमच्या शेळगाव फाट्यावरून तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीला जाते ती आषाढात. हे पाण्यातले वारकरी थव्यानं जमतात ते कार्तिकीनंतर.

पट्टकदंबाचं गणित आणखी वेगळं. हा हंस मंगोलिया, तिबेट या बाजूनं हिमालय ओलांडून येतो. त्याची सात हजार मीटरहून जास्त उंचीवरची उड्डाणं शास्त्रज्ञांनी यंत्र बसवून नोंदली आहेत. इतकं करून तो येतो आणि गवत चरतो. पाणी उतरलं की काठावर कोवळं गवत उगवतं, तिथे तो दिसतो. त्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात, म्हणजे ओल्या गाळात हरभरा, ज्वारी, भाजीपाला. पक्ष्यांना आणि माणसांना एकच जमीन एकाच महिन्यात लागते. हंसांनी हरभरा खाल्ला अशी तक्रार मी ऐकली आहे. तक्रार करणाऱ्याला खोटं कसं म्हणू?

मग पाणी उतरतं कधी? इथे आमच्या पाहुण्यांना सर्वांत मोठं आश्चर्य वाटलं. ते ऋतूवर नाही, एका बैठकीवर ठरतं. कालवा सल्लागार समिती रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं ठरवते, सोलापूरकडे पाणी केव्हा आणि किती सोडायचं ते. पहिलं मोठं आवर्तन सुटलं की फुगवट्याच्या काठाचा चिखल उघडा पडू लागतो. ते लांबलं तर रोहितही लांबतात. कच्छच्या रणात या पक्ष्यांची वीण होते, आणि तिथे पाणी चांगलं असेल तर तेही त्यांना धरून ठेवतं. तेव्हा थोरल्या पाहुण्याच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा असं होतं, की रोहित कच्छात किंवा वाटेतल्या दुसऱ्या एखाद्या उथळ तळ्यावर सोलापूरच्या कालव्याची वाट पाहत होते.

यातली एक गोष्ट लिहायला जड जाते. रोहितांचं हे जेवण काही प्रमाणात पुण्याच्या मैल्यावर पोसलेलं आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. शहराच्या सांडपाण्यातली खतद्रव्यं गाळात साठतात, शेवाळ माजतं, अळ्या वाढतात. काठावरचे मच्छीमार सांगतात की पूर्वीचे मासे कमी झाले, जाळ्यात चिलापीच जास्त येते. गुलाबी थव्याचा फोटो काढताना त्या पाण्याचा वास फोटोत येत नाही. मी पाहुण्यांना तो वास मुद्दाम घ्यायला लावला.

आणखी एक गोष्ट होडीत सांगितली. माझं आजोळ याच पाण्याखाली आहे. गाव हललं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आजीनं चुलीचे दगड बैलगाडीत घातले होते ते आठवतं. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाणी खूप खाली गेलं की वर येतं, 2024 च्या उन्हाळ्यात आलं होतं आणि लोक पाहायला लोटले होते. मंदिर दिसणं म्हणजे आमच्याकडे दुष्काळाची खूण. ज्या वर्षी मंदिर उघडं पडतं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात रोहित लवकर आलेले असतात. म्हणजे पक्षी पाहणाऱ्याचं चांगलं वर्ष ते शेतकऱ्याचं वाईट वर्ष. मी दोन्ही आहे. भरल्या धरणाकडे पाहून हळहळणारा पक्षीप्रेमी म्हणजे मी, हे लक्षात आलं तेव्हा स्वतःचंच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 7 तारखेला, मी त्यांना कडबनवाडीच्या माळावर नेलं. खरं तर ते यादीतही नव्हतं. उष्ण कटिबंध म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ओलं, दाट, वेलींनी भरलेलं जंगल होतं. तसं जंगल पाहायचं तर सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जावं. महाबळेश्वराला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आमच्याकडे सरासरी पाचशेच्या आसपास. मधलं अंतर फार नाही, पण सह्याद्रीनं ढग अडवले की मागे राहतो तो हा पर्जन्यछायेचा प्रदेश. कर्कवृत्त आपल्या बरंच उत्तरेला, मध्य प्रदेशातून जातं. म्हणजे शेळगाव पक्कं उष्ण कटिबंधात आहे. इथलं खरं रान हे गवताचं आहे.

साडेसहाला उजाडलं तेव्हा कुसळी गवत कमरेला लागत होतं. भरल्या पावसाचं वर्ष इथे उपकारी ठरलं. गवत चांगलं म्हणून नाकतोडे भरपूर, नाकतोडे भरपूर म्हणून भोवत्ये आले होते. भोवत्या हा मध्य आशियातून येणारा शिकारी पक्षी, गवतावरून हातभर उंचीनं तरंगत जातो आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतो. पाहुण्यांनी त्यांच्या देशात असा एखादा पाहिला होता. इथे तासाभरात सात मोजले. मग धाविक दिसले, चार पावलं पळायचं आणि पुतळ्यासारखं थांबायचं. माळटिटवी, डोंबारी चंडोल, एक सर्पगरुड. ऊन तापायला लागल्यावर पखुर्ड्या दोन दोन, चार चार करून पाणवठ्यावर उतरल्या. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिलांसाठी पाणी नेतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. पाणवठ्याची वेळ ठरलेली असते, ती चुकली की दिवस गेला. थोडं पुढे चिंकारांचा कळप उभा होता. लांडगा दिसला नाही, त्याची विष्ठा दिसली, केसांनी भरलेली. थोरल्यानं तिचेही फोटो काढले.

या माळाला सरकारी कागदावर आणि लोकांच्या तोंडी फार काळ 'पडीक' म्हटलं गेलं. पडीक म्हटलं की कुणीतरी ते सुधारायला येतं. चर खणतात, झाडं लावतात. झाडं लावण्याला विरोध करणारा माणूस वेडा ठरतो, म्हणून नीट सांगतो. भोवत्या, धाविक, चंडोल, पखुर्डी यांना चहूबाजूंचं दूरवर दिसणं हेच संरक्षण आहे. मधे झाडं आली की त्यावर बसून टेहळणी करणारे कावळे, शिक्रे येतात आणि जमिनीवरच्या घरट्यांचा निकाल लागतो. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं. आज तिथे माळढोक दिसणं ही जवळजवळ संपलेली गोष्ट आहे. कारणं अनेक आहेत, पण माळ तुटत गेला हे त्यात आहेच. अलीकडे पुणे वनविभागानं कडबनवाडी आणि बारामतीच्या बाजूचं शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी, ठरलेले रस्ते, गावातलेच मार्गदर्शक. माळ पाहायला पैसे देऊन माणसं येतात, हे गावानं पाहिलं. 'पडीक' हा शब्द त्यामुळे थोडा थोडा मागे सरकतो आहे.

त्या दोन दिवसांनी मला जे शिकवलं ते सांगतो. थंड देशांत ऋतू तापमानानं ठरतो, म्हणून तिथल्या माणसाला सहल महिन्यावर बेतायची सवय असते. उष्ण कटिबंधात ऋतू पाण्यानं ठरतो, आणि पाणी दर वर्षी त्याच तारखेला येत नाही. हे फक्त उजनीचं नाही. श्रीलंकेत नैर्ऋत्येचा आणि ईशान्येचा असे दोन पावसाळे आहेत, त्यामुळे एकाच बेटाच्या दोन बाजूंचा कोरडा काळ वेगवेगळा. केनियातलं नाकुरू सरोवर छोट्या रोहितांसाठी जगप्रसिद्ध होतं. गेल्या पंधराएक वर्षांत त्याचं पाणी वाढलं, खारटपणा उतरला, त्यावर अवलंबून असलेलं शेवाळ कमी झालं आणि थवे बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे सरकले. तिथेही जुनी पुस्तकं वाचून गेलेले लोक रिकाम्या पाण्याकडे पाहत उभे राहिले असतील. तेव्हा अशा देशात जाणाऱ्यानं आधी पक्ष्यांची यादी नाही, तिथल्या चालू वर्षाच्या पावसाची बातमी मागवावी.

होडीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आमच्या तालुक्यातल्या कळाशीला येणारी प्रवासी होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. ती पर्यटकांची होडी नव्हती, रोजच्या येण्याजाण्याची होती. पाणी आणि वारा मात्र तेच. फुगवटा दिसतो शांत, पण दुपारनंतर वारा सुटला की लाटा येतात. माझा नियम असा, की होडी पहाटे, दहाच्या आत परत काठावर. लाइफ जॅकेट अंगात, पायाखाली नाही. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळची फेरी नाहीच. नावाडी बहुतेक मच्छीमार आहेत, पाणी त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. ते 'नको' म्हणाले तर जास्त पैशांचं आमिष दाखवू नये. तसंच थवा उडवण्यासाठी दाखवू नये. उडत्या रोहितांचे पंख लालभडक दिसतात, फोटो छान येतो. पण प्रत्येक उड्डाणात त्यांचं खाणं मोडतं आणि एका सकाळी दहा होड्या येतात. कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकून होडीभोवती गोळा करणं हाही त्यातलाच प्रकार. आमच्या होडीत पाहुण्यांच्या हातात चकली होती, ती मीच खाऊन टाकली.

ज्याला रोहित नकोत, घरटी पाहायची आहेत, त्यानं उन्हाळ्यात भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावावर जावं. बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत असते. ऊन सोसावं लागतं. मी तिथे दर वर्षी जातो आणि दर वर्षी टोपी विसरतो.

यंदाचं सांगायचं तर सगळं आणखी उलटंपालटं झालं. मे 2025 च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या भागात असा पाऊस झाला की म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. उणेत असलेलं धरण मे संपण्याआधीच अधिकात आलं. उघड्या बेटांवर अंडी घालणाऱ्या नदीसुरयांसाठी ही वेळ वाईट. पुढे पावसाळ्यात धरण पुन्हा भरलं. म्हणजे या दिवाळीत कुणी रोहितांसाठी भिगवणला निघत असेल तर त्यानं मागच्या वर्षीची आमची होडी आठवावी. माळावर मात्र खुशाल यावं, गवत उत्तम आहे. जूनमध्ये चितमपल्ली गेले. पक्ष्यांची मराठी नावं ज्यांच्यामुळे माझ्या तोंडी बसली, त्यांच्या जन्मदिवशी, 5 नोव्हेंबरला, मी पहाटे कडबनवाडीला असेन.

भाच्याचा पुन्हा फोन आला. दोघे इंग्रज परत येणार म्हणतात, रोहित राहिले म्हणून, आणि थोरल्याला लांडगा हवा आहे. मी या वेळी तारीख दिली नाही. "पहिलं आवर्तन सुटू दे. जानेवारीच्या मध्याला धरणाचा आकडा कळवतो, मग तिकीट काढा. बहुधा फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरावा लागेल," असं सांगितलं.

"मामा, विमानाचं तिकीट आत्ता निम्म्या दरात मिळतंय," तो म्हणाला.

थोडा विचार केला आणि म्हटलं, "काढ. फक्त पहिला दिवस माळाचा ठेव."